‘बरोबर’ म्हटल्याशिवाय

३ सप्टेंबर

सामान लागलं एकदाचं. घर लहान आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मक्याचं शेत दिसतं आणि शेतापलीकडे अणुऊर्जा केंद्राचा राखाडी घुमट. मी खूश आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोइसने बजावलंय की रोजनिशीत रोज एकतरी बरी गोष्ट लिहायचीच. लोइस माझी धाकटी बहीण. ती ड्युलुथला राहते आणि तिथून माझ्या मनाची काळजी घेते.

अणुऊर्जा आयोग आम्हा इन्स्पेक्टरांना एका केंद्रात फार वर्षं ठेवत नाही. माणसांशी जवळीक वाढली की नजर मऊ होते म्हणतात. त्यामुळे उभा जन्म बिऱ्हाडं हलवण्यात गेला. हे माझं शेवटचं केंद्र. मग पेन्शन, लोइसच्या घराजवळ एक घर, तळ्याकडे तोंड करून एक खुर्ची, आणि त्या खुर्चीतून उठायचं नाही.

केंद्रात पाळीप्रमुख व्हर्न कुचेरा दारातच भेटला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. म्हणाला, या इन्स्पेक्टरबाई, आमच्या चुका काढायला या. फक्त सगळ्या पहिल्याच आठवड्यात काढू नका, नाहीतर पुढे माश्या माराल. त्याच्या आईने कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, करून पाठवले होते. त्याने ताट माझ्यापुढे धरलं आणि लगेच मागे ओढलं, कारण केंद्राच्या माणसाकडून आम्हाला पावाचा तुकडाही घेता येत नाही हे तो जाणून आहे. सगळे हसले, मीही हसले. जर्दाळूचा वास मात्र संध्याकाळपर्यंत नाकातून गेला नाही.

८ सप्टेंबर

तिहेरी बोलणं सगळ्याच केंद्रांत असतं. एकाने काम सांगायचं, दुसऱ्याने ते जसंच्या तसं उलटून म्हणायचं, आणि पहिल्याने ‘बरोबर’ म्हणायचं. ते तिसरं ‘बरोबर’ कानावर पडल्याशिवाय कुणी बोटही हलवायचं नाही. अणुभट्टीपाशी कुणी काही भलतंच ऐकून भलताच व्हॉल्व्ह फिरवला तर काय होईल, म्हणून हा खटाटोप.

इथल्या लोकांच्या मात्र हे हाडीमासी भिनलंय. आज गावातल्या कॅफेत व्हर्नची बायको त्याला म्हणाली, दूध आण आणि कुत्र्याच्या गोळ्या आण. व्हर्न म्हणाला, समजलं, दूध आणि कुत्र्याच्या गोळ्या. दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. बायको मासिकात डोकं घालून बसलेली. मागचे लोक खोळंबले, कुणीतरी म्हणालं, अगं बाई, सोड की त्याला. तिने मान वर न करता ‘बरोबर’ म्हटलं तेव्हा स्वारी बाहेर पडली. मी हसत होते, तेवढ्यात वेट्रेसने विचारलं, चिली आणि सिनॅमन रोल ना? माझ्या तोंडून निघालं, बरोबर.

मी एकटीच बसले होते. केंद्रातली चार माणसं शेजारच्या टेबलावर होती. त्यांनी हात केला, मीही केला. त्यांच्यात जाऊन बसायची सोय नाही. सवयीचंच आहे म्हणा.

१७ सप्टेंबर

आज टेस ऑकरमनबरोबर तळमजला पाहिला. टेस फिरती ऑपरेटर आहे, म्हणजे कंट्रोल रूममधून सांगतील तिथे जाऊन व्हॉल्व्ह फिरवणारी. तिशीची असेल. तोंडाने फटकळ, पण कामात चोख. मला म्हणाली, बाई, तुमचे बूट तर माझ्या आजीसारखे आहेत. मी म्हटलं, आजीला विचार पाय कसे दुखतात ते. तेव्हापासून आमचं जमलंय. जमायला नको खरं तर.

तळमजल्याच्या टोकाला पंपाचा खड्डा आहे. वर लोखंडी झाकण, आत शिडी, तळाशी एक व्हॉल्व्ह आणि भिंतीवर एक जुना फोन. शेजारून नायट्रोजनचा पाइप जातो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. तो साचला की माणूस गुदमरतही नाही, नुसता थकतो. बसावंसं वाटतं, आणि बसला की संपलं. म्हणून कमरेला हवेतला प्राणवायू मोजणारा मीटर लावल्याशिवाय कुणी उतरत नाही आणि झाकणापाशी एक राखणदार असतो.

टेस महिन्याची तपासणी करायला उतरली, मागोमाग मी. हवा ठीक होती, पण पाइपच्या जोडापाशी मीटरचा आकडा जरासा खाली आला. थोडी गळती आहे. मी नोंद घेतली.

आम्ही वर आलो, झाकणाला कुलूप लागलं. दुपारी माझ्या खोलीतला फोन वाजला. पडद्यावर त्या खड्ड्यातल्या फोनचा नंबर. एक पुरुष दमलेल्या आवाजात म्हणाला, ‘समजलं. व्हॉल्व्ह तसाच ठेवतो, खड्डा सोडून वर येतो.’ मग गप्प. मी म्हटलं, तुम्हाला कंट्रोल रूम हवी असेल, मी इन्स्पेक्टर आहे. तो काही बोलला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने मी फोन ठेवला.

व्हर्न म्हणाला, तारा जुन्या आहेत हो बाई, एकाचं बोलणं दुसऱ्याला लागतं. कुलूप लावलेल्या खड्ड्यात कोण बोलत होतं ते काही तो म्हणाला नाही.

२५ सप्टेंबर

पुन्हा तोच फोन. तेच शब्द, तोच श्वास. तो ‘बरोबर’ची वाट पाहत होता, हे मला आज कळलं. जीभ आपोआप टाळ्याकडे जाते. मी ती दाताखाली धरली.

टेसला विचारलं. ती हातातला रन्झा, तो खिमा भरलेला पाव, खाली ठेवून बोलली. पूर्वी ऑरिन पाशेक नावाचा ऑपरेटर होता. शटडाऊनमध्ये, म्हणजे इंधन बदलायला अणुभट्टी बंद ठेवतात तेव्हा, तो त्या खड्ड्यात होता आणि नायट्रोजन साचायला लागला. कंट्रोल रूमने फोन करून सांगितलं, व्हॉल्व्ह तसाच ठेव, वर ये. त्याने ते उलटून म्हटलं. तेवढ्यात कंट्रोल रूममध्ये दुसरा अलार्म वाजला, सांगणारा तिकडे वळला आणि ‘बरोबर’ म्हणायचं राहून गेलं. ऑरिन फोन कानाला लावून तिसऱ्या शब्दाची वाट पाहत बसला. झाकण उघडं होतं, शिडी हाताच्या अंतरावर होती. तसाच बसलेला सापडला.

मी म्हटलं, आणि उठला का नाही? टेस म्हणाली, ‘बाई, तुम्ही उठला असता?’

४ ऑक्टोबर

गळतीवर आज बैठक झाली. मी म्हणत होते, शटडाऊनच्या आधी जोड बदला, नाहीतर खड्ड्यात माणूस पाठवू नका. कंपनीची माणसं तक्ते घेऊन आली होती. गळती मर्यादेत आहे. अणुभट्टीला त्यापासून धोका नाही. आयोगाच्या मुख्य कचेरीनेही फोनवर मान डोलावली, म्हणजे आवाजावरून मला तसं वाटलं. शेरा मिळाला: किरकोळ. जोड शटडाऊननंतर बदलणार.

मी भांडले. पूर्वीइतकी भांडत नाही आता. घसा बसतो आणि समोरच्यांची तोंडंही तीच असतात, केंद्र बदललं तरी. व्हर्न बाहेर म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, मीटर असतो, राखणदार असतो. तो मनापासून बोलत होता. माणूस चांगला आहे, हीच तर पंचाईत.

इन्स्पेक्टरने बघायचं, विचारायचं, लिहायचं. हुकूम द्यायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. केंद्र चालवणारे ते, आपण नाही. एवढ्या वर्षांत मी एका माणसालाही ‘हे कर’ म्हटलेलं नाही. आज पहिल्यांदा ते खटकलं.

बरी गोष्ट: मका कापायला आलाय, सगळीकडे यंत्रांची धूळ सोनेरी दिसते.

११ ऑक्टोबर

शटडाऊन सुरू. अणुभट्टी थंड, इंधन बदलणं चालू, परगावची हजारभर माणसं आवारात. मी सकाळी येते ती अंधार पडल्यावर जाते. पाय सुजतात.

आज चूक झाली.

दुपारी टेबलाशी बसले होते, सँडविच हातात, डोळे मिटत होते. फोन वाजला. पडद्याकडे न बघता उचलला. ‘समजलं. व्हॉल्व्ह तसाच ठेवतो, खड्डा सोडून वर येतो.’ आणि मी म्हटलं, बरोबर.

दया आली म्हणून म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. दिवसभरात शंभरदा ऐकलेला शब्द, तोंडातून गेला. पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला, मग शिडीवर बुटांचा आवाज. एकेक पायरी, सावकाश. मग झाकण आपटल्याचा. तो मात्र फोनमधून आला नाही. जमिनीखालून आला.

१२ ऑक्टोबर

खाली जाऊन पाहिलं. झाकणाला कुलूप आहे. झाकणाच्या वर, धुळीत, बुटांचे ठसे. जाणारे. येणारे नाहीत.

माझ्या आधी इथे गेलन नावाचा इन्स्पेक्टर होता. आता ॲरिझोनात असतो. त्याला फोन केला. मी खड्ड्याचं नाव काढताच तो म्हणाला, तू त्याला ‘बरोबर’ म्हटलं नाहीस ना? मी खरं ते सांगितलं. मग म्हणाला की त्यालाही तो फोन यायचा, सगळी वर्षं, आणि त्याने तो एकदाही पुरा केला नाही. पाळीतला माणूस सुटला की जागा रिकामी होते, मार्लिस, तो म्हणाला, आणि पाळीतली जागा रिकामी ठेवत नाहीत हे तुला मी सांगायला नको. पुढे विचारलं तर म्हणाला, बायको हाक मारतेय.

मला भीती वाटते आहे. सरळ लिहून टाकते. हसू येत नाहीये.

१५ ऑक्टोबर

आज फोन खड्ड्यातून नव्हता. नंबरच नव्हता. तोच आवाज, पण ताजातवाना, झोप काढून उठलेल्या माणसाचा. ‘वर आलो. माझ्या जागी कोण?’

मी फोन आपटला. पुन्हा वाजला. पुन्हा तेच. उद्योग नसल्यासारखा विचारत होता, घाई नाही. शेवटी तार ओढून काढली.

लोइसला सांगितलं. ती म्हणाली, सुट्टी घे, तू दमली आहेस. दमलेय, हे खरंच आहे.

१८ ऑक्टोबर

कामाच्या फळ्यावर आज वाचलं: पंपाचा खड्डा, व्हॉल्व्हवर बसून पहारा, ऑकरमन. उद्या.

व्हर्नकडे गेले. म्हटलं, टेसला पाठवू नका. कुणालाच पाठवू नका. त्याने नीट ऐकून घेतलं. विचारलं, कारण? नियम मोडतोय का कुठला? गळतीचा शेरा किरकोळ आहे, तो तुमच्याच लोकांनी दिलाय. फोनचं सांगितलं असतं तर मला घरी पाठवलं असतं, आणि मग उद्या इथे कोण असतं? म्हणून नाही सांगितलं. ‘काळजी करू नका हो बाई,’ तो म्हणाला, ‘आमची पोरगी आहे ती, आम्हाला काळजी नाही होय?’

टेसला गाठलं. तिला सगळं सांगितलं, फोन, ठसे, सगळं. ती हसली नाही. म्हणाली, मी नाही गेले तर दुसरा कुणी जाईल, आणि तो माझ्याइतका सावध नसेल. मग माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, आजीबाई, घरी जा, पाय वर करून बसा.

तिला काही झालं तर ते माझ्या एका शब्दाने. दुसऱ्या कुणाच्याही नाही.

१९ ऑक्टोबर, सकाळी

टेस उतरली. हवा ठीक. राखणदार झाकणापाशी. मी कंट्रोल रूममध्ये उभी राहून व्हर्नकडे बघतेय. तो दर थोड्या वेळाने तिला फोन करतो. ती उत्तर देते. ठीक आहे. सगळं ठीक आहे.

दुपारी

व्हर्नने तिला वर यायला सांगितलं. फोनवर. मी ऐकलं. तिनेही उलटून म्हटलं, स्पीकरवर ऐकू आलं — समजलं, व्हॉल्व्ह तसाच ठेवते, खड्डा सोडून वर येते —

आणि अलार्म वाजला. दुसरीकडेच, कुठल्याशा टाकीचा. व्हर्न वळला. सगळेच वळले. मी ओरडले, व्हर्न, बरोबर म्हण, तिला बरोबर म्हण — कुणाला ऐकू गेलं नाही. फोनला हात लावायची मला परवानगी नाही. तरी लावला. लाइन बंद.

मीटर कमरेला, जिन्याने खाली —

खड्डा

रोजनिशी खिशातच होती, लिहिते आहे कारण हात रिकामे आहेत. राखणदार नव्हता. रेडिओची बॅटरी बदलायला गेला असेल. झाकण उघडं. खाली टेस बसलेली, फोन कानाला, ओठ निळे. मीटर टाहो फोडत होता, तिचाही, माझाही. वरून हाका मारल्या. ती म्हणाली, व्हर्नने वर ये म्हटलंय, अजून ‘बरोबर’ म्हटलं नाही.

उतरले. तिला खांद्याला धरून उठवलं. म्हटलं, टेस, वर जा. जन्मातला पहिला हुकूम.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, नीट, उलटून म्हटलं. समजलं. मी वर जाते. तुम्ही माझ्या जागी थांबता.

मी असं म्हटलं नव्हतं. अर्धंच म्हटलं होतं. ‘चूक’ म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. पण तेवढा वेळ नव्हता, आणि तिसरा शब्द आल्याशिवाय ही पोरगी हलणार नव्हती, मेली तरी.

म्हटलं, बरोबर.

गेली. एकेक पायरी. वर पोहोचली, मी पाहिलं. कुणीतरी तिला धरलं. खोकतेय. खोकतेय म्हणजे जिवंत आहे. बरी गोष्ट, लोइस. आजची.

नंतर

मीही निघणारच होते. जरा टेकले. पाय —

मीटर कटकट करत होता. बंद केला.

बसून किती बरं वाटतंय. इतक्या वर्षांनी. तळ्यासारखं शांत.

वर उजेड दिसतो. शिडी इथेच आहे, हात लांब केला की —

फोन वाजला. व्हर्न. रडतोय की काय. बाई, टेस आली, तुम्ही वर या, लगेच वर या. मी उलटून म्हटलं. समजलं. खड्डा सोडून वर येते.

मागे अलार्म वाजतोय त्याच्या. तो म्हणेल आता. आहे तो लाइनवर, श्वास ऐकू येतो. म्हणेल. तेवढंच राहिलंय. त्याने एकदा ‘बरो